‘दिसलं का?’ ‘होऽऽ मॅडम!’

मागच्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, म्हणजे ३ मे २०२५ ला, मी आमच्या शाळेतली नऊ मुलं आणि पाच पालक यांना घेऊन आकाशदर्शनाला गेले होते. त्या रात्री मी मुलांसमोर एक खोटं बोलले. अगदी छोटंसं. कुणाला कळलंही नसतं. पण सात वर्षांच्या एका पोरानं ते उघडं पाडलं, आणि तेव्हापासून वर्गात ‘समजलं का?’ असं विचारताना माझी जीभ अडखळते. वर्षभर हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता पुन्हा मे महिना तोंडावर आलाय, ठिकठिकाणी आकाशदर्शनाचे कार्यक्रम लागतील, तुम्हीही मुलांना घेऊन जाल, म्हणून लिहिते.

आधी ठिकाणाबद्दल थोडं. आमची शाळा सातारा जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयाच्या आवारात टेकडीवर छोटीशी वेधशाळा आहे. फिरणारा पत्र्याचा घुमट, आत आठ इंची दुर्बीण, बाजूला मोकळं मैदान. एरवी तिथं कुलूपच असतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र एक रात्र सगळ्यांसाठी खुली ठेवतात, तीही विनामूल्य.

उन्हाळ्यातच का, असं मला पालकांनी विचारलं. खरं तर आकाश जास्त स्वच्छ असतं ते हिवाळ्यात. उन्हाळ्यात धुरळा असतो, दुपारनंतर कधी कधी वळवाचे ढग येतात. पण हिवाळ्यात मुलांची शाळा असते, सकाळी लवकर उठायचं असतं, थंडी असते. आणि जून लागला की चार महिने आभाळाला झाकणच. म्हणून मे ही आपल्याकडची शेवटची संधी. शिवाय सुट्टीत मूल रात्री बारापर्यंत जागलं तर बिघडत नाही.

पालकांची परवानगी मिळवणं हाच मोठा उद्योग होता. मुलग्यांचं काही अडलं नाही. मुलींच्या घरी मात्र, “रातच्याला? आन् पोरीला? काय बघायचं ते टीव्हीवर बघू दे की.” शेवटी मी म्हटलं, आईनं सोबत यायचं. तीन आया तयार झाल्या, म्हणून तीन मुली आल्या. एक आजोबा आले, आणि ज्यांची वडापची जीप आहे ते एक पालक. एका मुलीच्या मागे तिचा धाकटा भाऊ लागला. त्याला आपण ओम म्हणू. (सगळ्याच मुलांची नावं बदलली आहेत.) नुकतीच पहिली संपलेली, पुढचे दोन दात पडलेले. त्याला नेणार नव्हतो, पण तो जीपमधून उतरेचना.

कार्यक्रमाची वेळ सातची होती. आम्ही पावणेसातलाच पोचलो. सूर्य मावळला, पश्चिमेला गुरू ठळक दिसायला लागला. अर्ध्याला थोडा कमी असा चंद्र डोक्याच्या जरासा पश्चिमेला, आणि त्याच्या जवळ लालसर मंगळ. मुलं उतावीळ झालेली. आणि मग सुरू झालं दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत, अध्यक्षीय भाषण. मैदानावर चार हॅलोजन लावलेले. पाऊण तास झाला, तास झाला. मला खरंच राग आला. पावणेदहाच्या सुमारास गुरू मावळणार होता, तो काही अध्यक्षांसाठी थांबणार नव्हता. सव्वाआठला हॅलोजन बंद झाले. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि मधेच कुणी मोबाइलचा उजेड केला की ते सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. तिथं तर दीडशे माणसं आणि जवळपास तितकेच मोबाइल.

तरी स्वयंसेवक मुलं फार चांगली होती. इंजिनिअरिंगची पोरं, स्वतःच्या खर्चानं आलेली, टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळलेला. त्यांनी आधी नुसत्या डोळ्यांनी आकाश दाखवायला घेतलं. त्यातल्या एकानं विचारलं, “ध्रुवतारा कोण दाखवेल?”

माझ्या नऊच्या नऊ मुलांनी हात वर केले. मला केवढा अभिमान! आणि नऊच्या नऊ जणांनी बोट दाखवलं ते पश्चिमेच्या गुरूकडे.

कारण मीच शिकवलं होतं. ‘ध्रुव हा उत्तरेकडचा, सर्वांत तेजस्वी तारा आहे.’ अकरा वर्षं शिकवतेय. मुलांनी त्यातला ‘सर्वांत तेजस्वी’ एवढाच भाग धरला आणि सगळ्यात झगझगीत जे होतं त्याकडे बोट केलं. तर्क अगदी बरोबर, दिलेली माहिती चुकीची. ध्रुव मध्यम तेजाचा तारा आहे, तेजस्वितेच्या क्रमानं पहिल्या चाळिसातही बसत नाही. रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध, तो त्या वेळी नैर्ऋत्येला होता. ध्रुवाचं महत्त्व तो जागा सोडत नाही म्हणून, चमकतो म्हणून नव्हे. हे मला माहीत नव्हतं का? कुठंतरी वाचलं असेलही. पण मी ध्रुव स्वतः कधी शोधलाच नव्हता. शोधला असता तर पहिल्याच रात्री कळलं असतं.

त्या मुलानं सप्तर्षी दाखवले. मे महिन्यात संध्याकाळी ते उत्तरेला चांगले उंचावर असतात. चौकोनाच्या पुढच्या कडेचे दोन तारे, क्रतू आणि पुलह. त्यांना जोडणारी रेघ पुलहाकडून क्रतूकडे आणि पुढे त्यांच्यातल्या अंतराच्या साधारण पाचपट ओढत न्यायची, ध्रुव सापडतो. मग त्यानं हात लांब करून मूठ धरायला सांगितली. लांब धरलेली मूठ साधारण दहा अंश. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत किती मुठी? मुलांनी मोजल्या, पावणेदोन, दोन. साताऱ्याचा अक्षांश साधारण साडेसतरा-पावणेअठरा. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश! नागपुरात तो एकवीस अंशांवर, दिल्लीत साडेअठ्ठावीसवर. अक्षवृत्तं मी नकाशावर आडव्या रेघा म्हणून शिकवत आले. त्या रेघा मुठीनं मोजता येतात हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कळलं.

डी.एड.ला आम्ही दोन वर्षं काय केलं, तर थर्माकोलची सूर्यमाला, पुठ्ठ्याचा चंद्रकलांचा तक्ता, पाठ टाचण. शैक्षणिक साहित्यात माझ्या सूर्यमालेला पहिला नंबर होता. पण दोन वर्षांत एकदाही कुणी रात्री अंगणात उभं करून ‘हे बघा’ म्हटलं नाही. पाचवीच्या परिसर अभ्यासाचा पहिलाच पाठ सूर्यमालेचा. दरवर्षी मी तो जूनमध्ये घेते, बाहेर पाऊस पडत असताना.

आता त्या खोट्याकडे येते.

घुमटातल्या मोठ्या दुर्बिणीवर चंद्र लावला होता आणि बाहेर मैदानावर मोटार नसलेली, हातानं फिरवायची दुर्बीण गुरूवर. गुरू मावळायच्या आत सगळ्यांना दाखवायचा म्हणून आधी तिकडे रांग. साधा हिशेब बघा. दीडशे माणसं, प्रत्येकाला अर्धा मिनिट म्हटलं तरी सव्वा तास. त्यामुळे स्वयंसेवक ओरडत होते, “चला, पटपट बघा, पुढे चला.” त्यांचा दोष नाही. रांगेत आमच्या पुढे काही माणसं, मग दोन आया, मग मी, मग माझी मुलं.

माझा नंबर आला. मी एक डोळा मिटला, दुसरा लावला. काळोख. माझीच पापणी. डोकं थोडं हलवलं, पुन्हा काळोख. मागून कुणीतरी म्हणालं, “झालं का?” आणि मी म्हणाले, “वा! काय सुंदर दिसतोय!”

समीक्षा गेली, चौथीतली हुशार मुलगी. “दिसला?” “होऽऽ.” सार्थक गेला. “दिसला?” “दिसला की मॅडम, गोल गोल.” मग ओमला त्याच्या बहिणीनं उचलून धरलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला, “मला काय दिसंना.”

लोक हसले. त्याची आई लाजली, “आरं नीट बग की.” आणि मी, हे लिहिताना अजूनही कसंतरी होतं, मी म्हणाले, “बघ बाळा नीट, दिसतोय की मधोमध.”

“न्हाई दिसत,” ओम म्हणाला.

तेवढ्यात दुर्बिणीवरचा मुलगा आला. तो बाजूला एका काकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होता. त्यानं डोळा लावला आणि म्हणाला, “अरे, गेला की! कधीचा गेलाय हा?” कुणी काही बोललं नाही.

झालं होतं असं. पृथ्वी फिरते, म्हणून आकाश दर चार मिनिटाला एक अंश सरकतं. त्या दुर्बिणीतून एका वेळी आकाशाचा जेमतेम अर्धा अंश दिसत होता. म्हणजे मधोमध आणलेला गुरू मिनिटभरात कडेला जातो आणि बाहेर पडतो. मोटारीची दुर्बीण त्याच्या मागे आपोआप फिरते, हातानं फिरवायची असेल तर सारखं सरकवत राहावं लागतं. चार-पाच मिनिटं कुणी सरकवलीच नव्हती. तेवढ्या वेळात निदान सात-आठ माणसांनी रिकामं आकाश बघून ‘दिसलं’, ‘वा’, ‘मस्त’ म्हटलं होतं. त्यात दोन आया, एक शिक्षिका आणि दोन हुशार विद्यार्थी. ज्याला शाळेत जाऊन एकच वर्ष झालं होतं, तो एकटा खरं बोलला.

त्या मुलानं गुरू पुन्हा मधोमध आणला आणि ओमला आधी बघायला दिलं. ओम म्हणाला, “हां, हाय. शेजारी बारके बारके ठिपके हायत.” ते गुरूचे चंद्र. गॅलिलिओनं १६१० साली पाहिले ते हेच. मुलांनी मग परत एकेकदा बघितलं. कुणी दोन ठिपके सांगितले, कुणी तीन. आता वेगवेगळी उत्तरं येत होती, म्हणजे खरंच बघत होती.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी समीक्षाला विचारलं, “तुला पहिल्यांदा दिसलं नव्हतं ना? मग हो का म्हणालीस?” ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तुम्ही सुंदर दिसतोय म्हणला ना मॅडम. मला वाटलं माझाच डोळा बाद हाय.”

शिक्षक बंधू-भगिनींनो, या वाक्यावर मी त्या रात्री झोपले नाही. आपण वर्गात ‘समजलं का?’ विचारतो आणि ‘होऽऽ’ असा एका सुरात जो आवाज येतो, त्यात किती समीक्षा असतील? ‘सगळ्यांना समजलंय, मॅडमना तर समजलेलंच आहे, म्हणजे माझंच डोकं बाद.’ हा निष्कर्ष मूल आठ-नऊ वर्षांचं असताना काढतं आणि आपण त्या ‘होऽऽ’वर खूश होऊन पुढचं पान उलटतो. ‘नाही’ म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो? ‘लक्ष कुठं होतं तुझं?’ रांगेत तर वेळ कमी होता, वर्गात तो कारणापुरताही कमी नसतो.

ही सवय फक्त शाळेची नाही म्हणा. आपल्याकडे लग्नात नवऱ्यानं नवरीला ध्रुव आणि अरुंधती दाखवायची पद्धत आहे. विधी मुळात रात्रीचा. आता दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर, कार्यालयाच्या छताखाली, गुरुजी ‘वर बघा’ म्हणतात, दोघं पंख्याकडे बघतात आणि ‘दिसली’ म्हणतात. माझ्याही लग्नात झालंय. त्या रात्री मात्र मी खरी अरुंधती पाहिली. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी चिकटून बारीकशी ती. सगळ्यांना पटकन दिसत नाही. संस्कृतात यावरून एक न्यायच आहे, अरुंधतीदर्शन न्याय. बारीक तारा दाखवायचा तर आधी जवळचा ठळक तारा दाखवा, तिथं नजर ठरली की मग बारकाकडे न्या. डी.एड.ला आपण ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’, ‘स्थूलाकडून सूक्ष्माकडे’ अशी अध्यापनसूत्रं पाठ केली ना, तेच हे. पण त्यात गृहीत काय आहे? की समोरच्याला ती अजून दिसलेली नाही आणि तो तसं सांगणार आहे. त्यानं पहिल्याच झटक्यात ‘दिसली’ म्हटलं की न्याय संपला.

आणि न दिसण्यात कमीपणा कसला? प्रत्यक्ष गॅलिलिओला शनीची कडी धड दिसली नव्हती. १६१० साली त्याला शनी तीन गोळ्यांचा वाटला, मधे मोठा, दोन बाजूंना दोन लहान. दोन वर्षांनी ते बाजूचे गोळे गायबच झाले, कारण कडं पृथ्वीच्या बाजूनं अगदी काटकोर झालं होतं. त्यानं दोन्ही वेळा जसं दिसलं तसंच नोंदवून ठेवलं. ते कडं आहे हे हायगेन्सनं जाहीर केलं १६५९ साली. म्हणजे मधे जवळपास पन्नास वर्षं लोक ‘नीट कळत नाही, असं असं दिसतंय’ म्हणत होते. त्यांच्यापैकी प्रत्येकानं ‘वा, सुंदर’ म्हणून डोळा काढला असता तर?

काही सहकारी म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, मोबाइलवर ॲप आहे, यूट्यूबवर यापेक्षा मोठा गुरू दिसतो, सहल मुंबईला गेली तर नेहरू तारांगण आहे. तारांगण जरूर दाखवावं. १९७७ पासून किती मुलांनी तिथं पहिल्यांदा मान वर केली असेल. ॲपचा तर मला स्वतःला शिकायला खूप उपयोग झाला. पण तिथं सगळं दिसतंच. न दिसण्याची शक्यताच नाही. दुर्बिणीत ढग येतो, ग्रह निसटतो, भिंगावर दव बसतं, आपण चुकीचा डोळा मिटतो. मुलाला ‘दिसत नाही’ म्हणायला लावणारं यासारखं स्वस्त शैक्षणिक साहित्य मला तरी दुसरं माहीत नाही.

एक गोष्ट मूळ विषयाला थोडी सोडून आहे, पण सांगते. मंगळ दाखवला तेव्हा एक आजोबा म्हणाले, “लग्नात आडवा येतो तो ह्योच व्हय?” सगळे हसले. समीक्षाची आई हसली नाही. थोड्या वेळानं तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, मूळ कुठं असतंय?” मला आधी कळलंच नाही. मग तिनंच सांगितलं, समीक्षाचा जन्म मूळ नक्षत्रावरचा. घरात सासू अजून बोलून दाखवते, शांत केली तरी. मी स्वयंसेवकाला विचारलं. तो म्हणाला, “ताई, मूळ अजून उगवायचंय, साडेदहाच्या पुढे. दिसायला साडेअकरा होतील.”

ती थांबली. तोवर दक्षिणेला डोंगरावर टेकलेला त्रिशंकू बघून झाला. (हा दिल्लीकरांना पूर्ण दिसत नाही, आपल्याला दिसतो, आणि मुलांना त्याची गोष्ट फार आवडते.) चंद्रावरचे खड्डे बघून झाले. अर्ध्याच्या आसपासचा चंद्र त्यासाठी उत्तम, उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला सावल्याच नसल्यानं सगळं सपाट वाटतं. बरीच गर्दी पांगली. साडेअकराला आग्नेयेकडून वृश्चिक वर आला. अनुराधाचे तीन तारे, मग लालसर ज्येष्ठा, मग वळत गेलेली नांगी. “ही नांगी म्हणजे मूळ,” तो मुलगा म्हणाला. दुर्बिणीची गरजच नव्हती. समीक्षाची आई बघत राहिली. मग म्हणाली, “एवढंच?” आणि लेकीला जवळ घेऊन बोटानं दाखवलं.

त्यावर मी काही भाषण दिलं नाही. विषय अंधश्रद्धेचा आहे, बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण त्या बाईनं स्वतः विचारलं, दीड तास वाट बघितली आणि स्वतः पाहिलं. त्याच्यावर माझं आणखी काय असणार?

आपल्या पेशातल्या एका माणसाची इथं आठवण होते. शंकर बाळकृष्ण दीक्षित, कोकणातल्या मुरूडचे, जन्म १८५३. शाळामास्तर, पुढे ट्रेनिंग कॉलेजात शिकवणारे, म्हणजे अगदी आपल्याच बिरादरीतले. भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८९६ मध्ये निघाला आणि दोनच वर्षांत ते गेले. त्यांनी सामान्य वाचकांसाठी आकाशावर ‘ज्योतिर्विलास’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि त्याला जोडनाव दिलं ‘रात्रीची दोन घटका मौज’. घटका म्हणजे चोवीस मिनिटं. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. आमच्या कार्यक्रमात भाषणांना लागली त्यापेक्षा कमी.

तर यंदा काय? आयोजकांना माझं एवढंच म्हणणं आहे. सत्कार करायचे तर दुपारी करा. दहा वस्तू धावत दाखवण्यापेक्षा दोन दाखवा. रांगेत पाच-पाचच्या गटानं सोडा आणि गटातल्या शेवटच्या मुलाला विचारा, अजून मधोमध आहे का. प्रमाणपत्रं नकोत. प्रमाणपत्रावर ‘गुरू पाहिला’ असं आधीच छापलेलं असेल तर कुठलं मूल ‘नाही पाहिला’ म्हणेल? पालकांनो, भिंगाला मोबाइल लावून फोटो घ्यायची घाई नको. आणि मुलगा ‘दिसत नाही’ म्हणाला तर हसू नका. मुलींना पाठवा, हेही सांगायलाच हवं. नऊ मुलांत तीन मुली हा आकडा मला आवडलेला नाही.

शिक्षकांनी मात्र आधी स्वतः जावं, मुलांशिवाय. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईकडे खगोल मंडळ आहे, गावोगावी लहान लहान गट आहेत. कुणी नसेल तर गच्ची आहे. एकदा ध्रुव स्वतः शोधा, मग शिकवा.

मी प्रश्न बदललाय. ‘दिसलं का?’ ऐवजी ‘काय दिसलं? काढून दाखव.’ वहीत बांगडी ठेवून एक गोल काढायचा, ती दुर्बिणीतली खिडकी. त्यात जे दिसलं ते काढायचं. काही दिसलं नाही तर गोल रिकामा ठेवायचा आणि खाली वेळ लिहायची. वर्गातही हेच करते. भागाकार शिकवून झाला की ‘समजलं का’ विचारत नाही, एक उदाहरण देते आणि कुठं अडलं तिथं गोल करायला सांगते. पहिले दोन महिने सगळ्यांच्या वह्या गोलाशिवाय कोऱ्या. पहिला गोल ओमच्या बहिणीनं केला. आता दुसरीतला ओम मधल्या सुट्टीत येऊन कुणी किती गोल केले ते मोजून जातो.

यंदा २३ मे ला शनिवार आहे आणि चंद्रही बरोबर अर्धा आहे. पश्चिमेला संध्याकाळी शुक्र असेल आणि त्याच्या वर मिथुन राशीत गुरू. दोघं रोज जवळ येत जातील, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अगदी शेजारी दिसतील, तेवढ्यात पाऊस आला नाही तर. टेकडीवर जायच्या आधी एक संध्याकाळ शाळेच्याच मैदानावर करायची ठरवलीय, नुसत्या डोळ्यांनी. सतरा मुलं यायची म्हणतायत, त्यात आठ मुली. अडचण एकच आहे, मैदानाच्या कोपऱ्यावरचा ग्रामपंचायतीचा हायमास्ट. सरपंचांकडे दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा म्हणाले, “दिवा बसवायला चार वर्षं लागली मॅडम, आन् तुम्ही बंद करा म्हणताय?” दुसऱ्यांदा म्हणाले, नऊपर्यंत बंद ठेवू. नऊला वृश्चिक जेमतेम वर आलेला असतो, मूळ तर उगवायचंच असतं. समीक्षाच्या आजी यायच्या म्हणाल्यात, म्हणून साडेदहापर्यंत द्या म्हणून सोमवारी पुन्हा जाणार आहे.